संजयाचा दुसरा वर

पत्रकारितेचा विषय निघाला की आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना संजय आठवतो. 'व्यावहारिक मराठी'च्या पहिल्या तासाला बातमीलेखनाची परंपरा सांगताना मीही गेली अठरा वर्षे त्याला आद्य वार्ताहर म्हणून वर्गात उभा करीत आलो आहे. हस्तिनापुरात बसलेला, धृतराष्ट्राला रणांगणाचे धावते वर्णन ऐकवणारा संजय. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर 'महाभारत' पाहिलेल्या माझ्या पिढीच्या मनात ही प्रतिमा इतकी पक्की बसली आहे की मूळ ग्रंथ उघडून पाहण्याची गरज आम्हांला फारशी वाटली नाही.

मूळ ग्रंथ मात्र काहीसे निराळे सांगतो. भीष्मपर्वाच्या आरंभी व्यास संजयाला जो वर देतात, त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग दृष्टीचा: उघड घडलेले, गुप्त घडलेले, दिवसाचे, रात्रीचे, इतकेच नव्हे तर कुणाच्या मनात आलेलेही त्याला कळेल. हा भाग आपल्याला तोंडपाठ आहे. दुसरा भाग आपण विसरलो. शस्त्रे याला छेदणार नाहीत, श्रम याला बाधणार नाहीत आणि हा या युद्धातून जिवंत बाहेर पडेल, असेही व्यास त्याच वेळी सांगतात. पुढे भीष्म पडल्याची वार्ता घेऊन संजय रणभूमीवरूनच धृतराष्ट्राकडे येतो. शल्यपर्वात तर तो सात्यकीच्या हाती जिवंत सापडतो. सात्यकी शस्त्र उगारतो आणि व्यास मध्ये येऊन त्याला सोडवतात. सुटल्यावर अंगावरचे कवच उतरवून, निःशस्त्र, रक्ताने माखलेल्या देहाने तो संध्याकाळी नगराची वाट धरतो. म्हणजे महाभारताच्या वार्ताहराच्या अंगावर कवच होते. आणि त्याने परत यावे याची काळजी, त्याला पाठवणाऱ्याने आधीच वाहिली होती.

मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे की आपण आपल्या वार्ताहरांना पहिला वर देतो आणि दुसरा देत नाही. त्यांनी पाहावे, टिपावे, लगेच पाठवावे, ही आपली अपेक्षा असते. ते सुखरूप परतावेत यासाठी कुणी काही शिकवत नाही. त्यांना घडवण्यात ज्यांचा थोडाफार वाटा असतो ते आम्ही भाषेचे अध्यापकही नाही.

हा विचार मला ग्रंथ वाचून सुचला असे म्हटले तर ते खोटे होईल. तो सुचला एका विद्यार्थ्यामुळे. बी.ए.ला मराठी घेऊन शिकलेला हा मुलगा पुढे आपल्या तालुक्याच्या गावी एका दैनिकाचा वार्ताहर झाला. काही वर्षांपूर्वी एका रास्ता रोकोत दगडफेक झाली, बसची काच फुटली आणि तिचा एक लांब तुकडा याच्या मांडीत शिरला. भोवतालची माणसे वाईट नव्हती. उलट सगळेच मदतीला धावले. एकाने काच उपसून काढली. दुसऱ्याने जवळच्या हॉटेलातून हळद आणून जखमेत भरली. तिसऱ्याने रुमाल बांधला, तोही सैल. घेरी येऊन तो खाली बसल्यावर चौथ्याने त्याच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या लावला. मग दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून त्याला दवाखान्यात नेले. तो वाचला. डॉक्टर त्याला म्हणाले की काच आत राहू दिली असती आणि जागच्या जागी घट्ट दाबून धरले असते, तर इतके रक्त गेले नसते. महिनाभराने तो मला भेटायला आला, तेव्हा हसत म्हणाला, "सर, काच काढायची नसते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं." त्या दिवशी त्याने काढलेले जळत्या टायरचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून आले होते. दवाखान्याचे बिल त्यानेच भरले.

त्या रात्री मला लिबियातला एक प्रसंग आठवला. २० एप्रिल २०११ रोजी मिसराता शहरात स्फोटात सापडून टिम हेदरिंग्टन आणि ख्रिस होन्ड्रॉस हे दोन नामवंत छायाचित्रकार मरण पावले. हेदरिंग्टनच्या जांघेत धातूचा तुकडा घुसला होता. त्याला गाडीत घालून रुग्णालयाकडे नेत असताना वाटेतच अतिरक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. सोबतच्या कुणालाही रक्त कसे थांबवावे हे माहीत नव्हते. अफगाणिस्तानातील एका लष्करी ठाण्यावर ज्याच्याबरोबर त्याने 'रेस्ट्रेपो' हा माहितीपट केला होता, तो लेखक सबॅस्टियन युंगर या गोष्टीने अस्वस्थ झाला. कुणी योग्य जागी दाब दिला असता तर मित्र कदाचित रुग्णालयापर्यंत पोहोचला असता, हे कळल्यावर त्याने २०१२ मध्ये 'रिस्क' नावाची संस्था काढली. युद्धभूमीवर काम करणाऱ्या स्वतंत्र पत्रकारांना, म्हणजे ज्यांच्या मागे कोणतेही मोठे वृत्तपत्र उभे नाही अशांना, ही संस्था प्रथमोपचाराचे विनामूल्य प्रशिक्षण देते आणि प्रत्येकाच्या हाती एक पेटी ठेवते.

अशी प्रशिक्षणे त्याआधीही होती. युगोस्लाव्हियाच्या विघटनातून पेटलेल्या युद्धांत १९९०च्या दशकात अनेक पत्रकार मारले गेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये माजी सैनिकांनी असे वर्ग सुरू केले आणि मोठ्या वृत्तसंस्था आपली माणसे तेथे पाठवू लागल्या. या वर्गांत शिकवतात काय, हे पाहिले तर त्यात गूढ किंवा अतिशय अवघड असे फार थोडे आहे. वाहते रक्त आधी थांबवायचे. जखमेवर थेट आणि न थांबता दाब द्यायचा. खोल जखमेत स्वच्छ कापड ठासून भरायचे. हातापायाचे रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या वर चार बोटे, सांध्यावर नव्हे, पट्टा आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. रुतलेली वस्तू उपसायची नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही. त्याचा श्वास चालू आहे की नाही हे पाहायचे, आणि तो चालू असेल तर त्याला कुशीवर वळवायचे. मांडीची मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत माणूस जातो. तेवढ्या वेळात एकशेआठची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी पोहोचत नाही. पोहोचू शकतो तो शेजारी उभा असलेला माणूस.

दुसरा भाग जखम होऊच नये म्हणून घ्यायच्या काळजीचा. कोणत्या भिंतीचा आडोसा गोळी अडवतो आणि कोणता नुसता नजर अडवतो. जमाव आणि पोलीस यांच्या मधल्या मोकळ्या जागेत का उभे राहू नये. गाडीचे तोंड परतीच्या दिशेला का ठेवावे. अश्रुधुराच्या वेळी वाऱ्याची दिशा कशी पाहावी. निघण्यापूर्वी कुणाला काय सांगून जावे आणि ठरल्या वेळी फोन आला नाही तर मागे राहिलेल्याने काय करावे. आणि शेवटी, पाहिलेले जे डोळ्यांपुढून हटत नाही त्याचे काय करावे. या शेवटच्या भागाला तर आपल्याकडे अजून धड नावही नाही.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो आमच्या विभागाच्या खोलीतच घेतला गेला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "परभणीत कुठलं आलंय युद्ध?" प्रश्न रास्त आहे. पण युद्धभूमी म्हणजे दोन देशांची सैन्ये समोरासमोर, ही व्याख्या आता पुरेशी राहिलेली नाही. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू छत्तीसगडच्या दंतेवाडा जिल्ह्यात विधानसभा निवडणुकीचे वार्तांकन करायला गेले होते; पोलिसांबरोबर मोटारसायकलवरून जात असताना नक्षलवाद्यांच्या गोळीबारात ते मारले गेले. आपल्या गडचिरोलीची हद्द जिथे संपते, तिथून पुढे सुरू होणारा हा बस्तरचा मुलूख. ११ जून २०११ रोजी 'मिड-डे'चे ज्योतिर्मय डे यांना मुंबईच्या पवईत भर दिवसा गोळ्या घातल्या गेल्या. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने उडवले. दुसऱ्या दिवशी उपचार चालू असताना ते गेले. 'महानगरी टाइम्स'साठी ते रिफायनरीविरोधी आंदोलनाच्या बातम्या देत असत आणि त्यांची अशी एक बातमी त्याच दिवशी छापून आली होती. ते कुणा परक्या देशात गेले नव्हते. ते आपल्याच तालुक्यात होते.

आणि परभणी? १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. दगडफेक, जाळपोळ, अश्रुधुर, लाठीमार हे सारे आपल्या शहराने पाहिले. त्यानंतर अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या दिवसांत रस्त्यावर उभे राहून जी माणसे टिपत होती, त्यांत आमच्या वर्गांतून बाहेर पडलेली मुले होती. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, खिशात पट्टी नव्हती. काहींच्या गळ्यात ओळखपत्रही नव्हते. काय घडले, कुणी कुणाला मारले, याची साक्ष पुढे कधीतरी लागते. ती साक्ष देणारा माणूस त्या दिवशी घरी परतलेला असावा लागतो.

साक्ष हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री 'मुंबई मिरर'चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा केवळ कॅमेरा घेऊन छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये शिरले आणि उभ्या गाडीच्या डब्याचा आडोसा घेत त्यांनी कसाबचे ते जगभर गेलेले छायाचित्र टिपले. पुढे खटल्यात त्यांनी साक्ष दिली. छायाचित्राइतकाच तो आडोसाही महत्त्वाचा होता, हे मात्र आपण वर्गात सांगत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. महाराष्ट्राने एप्रिल २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९ पासून लागू झाला. मग आणखी काय हवे, असे विचारले जाते. कायदा हवाच होता. पण हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ही तरतूद हल्ला झाल्यानंतरची आहे. शासनाचा शंकरराव चव्हाण यांच्या नावाचा पत्रकार कल्याण निधी आहे. तोही संकट कोसळल्यावरचा आधार. संकटाच्या आधीची आणि संकटाच्या क्षणाची तजवीज या दोहोंतही नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवरही हेच दिसते. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्याने युद्धक्षेत्रातील पत्रकाराला नागरिकाचे संरक्षण दिले. सुरक्षा परिषदेने २००६ आणि २०१५ मध्ये त्यासाठी ठराव केले. तरी 'कमिटी टू प्रोटेक्ट जर्नालिस्ट्स' या संस्थेने २०२४ या एका वर्षात किमान १२४ पत्रकार व माध्यमकर्मी मारले गेल्याची नोंद केली, आणि त्यांतील बहुसंख्य गाझातील युद्धात.

येथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. जिथे पत्रकारालाच नेम धरून मारले जाते, तिथे पट्टी बांधायला शिकून काय होणार? दानिश सिद्दीकी काही नवखे नव्हते. पुलित्झर मिळालेला, मोसुलची लढाई टिपलेला हा छायाचित्रकार १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक येथे मारला गेला. प्रशिक्षणाने मृत्यू टळतोच असे कुणीही म्हणू नये. शिवाय या आक्षेपाला एक पोटकलमही आहे: प्रशिक्षण दिले की मालक मोकळे होतात, उद्या काही झाले तर 'तुला शिकवले होते ना' असे म्हणून दोष जखमी माणसावरच टाकता येतो. मारणाऱ्याला जाब विचारण्याऐवजी मरणाऱ्याच्या तयारीची चर्चा सुरू होते.

हा धोका खरा आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच की प्रशिक्षण हे न्यायाच्या जागी नको, विम्याच्या जागी नको, वेतनाच्या जागी तर मुळीच नको. ते त्यांच्या जोडीला हवे. तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती आपल्याला माहीत आहे. नाममात्र मानधन, ते न मिळाल्यास जाहिरातींवरचे कमिशन, नेमणुकीचे पत्र असलेच तर वर्षभराचे, अधिस्वीकृतीची पत्रिका बहुतेकांकडे नाही, विमा नाही. मुंबईच्या किंवा परदेशी वृत्तसंस्थेच्या प्रतिनिधीला धोक्याच्या जागी पाठवताना निदान विचार होतो. याला कुणी पाठवतच नाही. तो तिथेच राहतो. म्हणूनच वाचवण्याच्या कौशल्याची सर्वाधिक गरज ज्याला आहे, त्याच्यापर्यंत ते सर्वांत शेवटी पोहोचते. त्याची बातमी जो छापतो, त्याने त्याच्या जिवाची जबाबदारी घ्यावी, ही मागणी मागे घेण्याचे कारण नाही. पण ती मान्य होईपर्यंत त्याने रक्त थांबवायला शिकू नये, असे म्हणणे मला क्रूर वाटते.

आता आपल्याकडे, म्हणजे साहित्याच्या लोकांकडे वळतो. या उदासीनतेत आपला हात आहे, असे मला वाटू लागले आहे. 'जिवावर उदार होऊन', 'प्राण तळहातावर घेऊन' हे आपले लाडके शब्दप्रयोग. रिपोर्ताज शिकवताना आपण अनुभवाच्या दाहकतेला गुण देतो. लेखक आगीच्या किती जवळ गेला हे आपण मोजतो. तो परत कसा आला हे विचारत नाही. सावधगिरी आपल्या वाङ्मयीन कल्पनेत भित्रेपणाच्या शेजारी बसते. वास्तविक मराठीतले युद्धाचे सर्वांत जिवंत प्रत्यक्षदर्शी लेखन वरसईच्या एका भिक्षुकाचे आहे. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले, इंग्रजी फौज शहरात शिरली तेव्हा लपून राहिले आणि वाचले. भय त्यांनी लपवले नाही. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि झाशीची ती कत्तल मराठी माणसाला मराठीतून वाचता आली, ती हा भिक्षुक लपला म्हणून. आपण त्यांच्या भाषेचे कौतुक करतो. त्यांच्या लपण्याचेही केले पाहिजे.

अभ्यासक्रमाचे म्हणाल तर जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कौशल्यवृद्धीच्या नावाने 'प्रसारमाध्यमांसाठी लेखन' अशा अभ्यासपत्रिका पदवीच्या वर्गात चालतात. कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे सहा ककार आपण त्यांत घोकून घेतो. त्या पत्रिकेत दोन दिवसांचे प्रात्यक्षिक बसवायला फार काही लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजना आणि छात्रसेना अनेक महाविद्यालयांत आहेत. जिल्हा रुग्णालय आहे. २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रबरी पुतळ्याच्या छातीवर दाब देणे, मांडीवर पट्टा आवळणे, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणे हे वाचून येत नाही. हाताने करून पाहावे लागते. फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणाऱ्या आपल्या गावांत याचा उपयोग केवळ पत्रकारांपुरता राहणार नाही, हा वरचा लाभ.

शेवटी एक साधी सूचना. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, म्हणून तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. जिल्ह्यात ठिकठिकाणी सत्कार होतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, दोन भाषणे. त्यांतले एक भाषण दरवर्षी माझे असते आणि त्यात संजय असतो. येत्या ६ जानेवारीला मी भाषण करणार नाही, असे आयोजकांना कळवले आहे. त्याऐवजी आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात दिवसभराचा प्रथमोपचाराचा वर्ग व्हावा, तालुक्या-तालुक्यांच्या वार्ताहरांना त्यात आधी जागा मिळावी आणि शालीच्या पैशांत प्रत्येकाला पट्टी, कापसाचे गुंडाळे, हातमोजे आणि आवळण्याचा पट्टा असलेली एक छोटी पिशवी द्यावी, असा प्रस्ताव दिला आहे. आयोजकांचे उत्तर अजून यायचे आहे. ज्याच्या मांडीत काच गेली होती त्या विद्यार्थ्याने मात्र पहिले नाव नोंदवले आहे. त्याच्या शेजारी मीही बसणार आहे, कारण रक्त कसे थांबवायचे हे मलाही येत नाही.